आल्बिनाच्या बाटल्या

माझ्या बाटल्यांना कोणी नावं ठेवली की माझं डोकं फिरतं. एक्याण्णव साली एमिल थिबोडोने ती ठेवली, आणि आज आठवलं तरी माझ्या मुठी वळतात.

ह्यूस्टनच्या त्या प्रयोगशाळेत माझं सव्विसावं वर्ष चालू होतं. काम पेशी सांभाळायचं. बाटल्या धुवायच्या, वाफेवर निर्जंतुक करायच्या, पेशींचं खाद्य बनवायचं. पेशी कुणा बाईच्या स्तनाच्या कर्करोगातल्या. ती बिचारी कधीच गेली, पेशी मात्र मजेत होत्या. त्यांना भूक इस्ट्रोजेनची. हे हार्मोन पेशीच्या दारात थांबत नाही, भिंतीतून सरळ आत शिरतं. आत केंद्रकात रिसेप्टर बसलेला असतो, तो त्याला धरतो आणि पेशीला वाढायचा हुकूम सुटतो. म्हणून आम्ही खाद्यातलं हार्मोन आधी कोळशाच्या भुकटीने शोषून काढायचो, पेशींना उपाशी ठेवायचो आणि मग एकेक औषध घालून बघायचो. उपाशी पेशी गपगार पडून राहिल्या पाहिजेत. माझ्या राहायच्या. शेजारच्या प्रयोगशाळेतले लोक 'आल्बिनाच्या पेशी' म्हणून मागून न्यायचे. नवरा नाही, मूल नाही. जगात माझं नाव म्हणून जे काही होतं ते एवढंच.

एमिल लुईझियानाचा. आमचे मुख्य डॉक्टर लेथम यांच्याकडे दोन वर्षं संशोधन करायला आला होता. त्या वसंतात त्याच्या उपाशी पेशी वाढायला लागल्या. हार्मोन नाही, औषध नाही, तरी बशीत ही गर्दी. लेथमना आभाळ ठेंगणं झालं. रिसेप्टर हार्मोनशिवाय आपोआप जागा होतो, म्हणाले, म्हणूनच काही बायकांचं हार्मोन बंद केलं तरी रोग परत येतो. सप्टेंबरच्या परिषदेत ते जाहीर करायचं ठरलं आणि शोधनिबंध अर्धा लिहूनही झाला. एमिल एकटाच म्हणत होता की आधी तपासू या. आणि तपासायला त्याला सापडल्या कोणाच्या, तर माझ्या बाटल्या.

काचेच्या बाटल्या फार फुटायच्या, म्हणून जानेवारीत मी कडक, पारदर्शक प्लास्टिकच्या मागवल्या होत्या. खाद्याचं पाणी त्यांच्यातच वाफेवर ठेवत होते. एका शुक्रवारी मी कोलाची, म्हणजे जर्दाळू भरलेला गोड पाव, खात बसले होते, तेव्हा तो समोर येऊन उभा राहिला.

"मिस आल्बिना, रागावू नका. एकदा काचेच्या बाटलीतलं पाणी घेऊन बघू या का?"

"नाचता येईना, अंगण वाकडं," मी म्हटलं. "तुझ्या हाताला स्वच्छता नाही, त्याला माझ्या बाटल्या काय करणार?"

"मी हातमोजे घालतो."

"आणि त्याच हातमोज्यांनी नाक खाजवतोस. मी पाहिलंय."

त्याचे कान लाल झाले. पण थोरल्या बाईला उलट उत्तर द्यायचं नाही हे त्याच्या आईने त्याच्या हाडात मुरवलं होतं, तो गुमान निघून गेला. त्याच्या त्या सभ्यपणाने तर मी आणखीच पेटले. मजल्यावरच्या प्रत्येकाला मी सांगितलं की पोराला काम येत नाही. वाफेच्या यंत्रापाशी त्याचा नंबर शेवटी लावला. कोळशाची भुकटी संपली म्हणाला, तर शोध म्हटलं. ती माझ्या खणात होती.

तरी त्याने प्रयोग केलाच. त्याच्या बशा मी त्याच्या आधी सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्या. काचेच्या पाण्यातल्या पेशी झोपलेल्या होत्या आणि माझ्या प्लास्टिकच्या पाण्यातल्या दाटीवाटीने वाढलेल्या. मला एका नजरेत कळलं. वाफेच्या उष्णतेने ते प्लास्टिक पाण्यात काहीतरी सोडत होतं, आणि रिसेप्टर त्यालाच इस्ट्रोजेन समजत होता. सव्वीस वर्षांच्या नावावर पाणी पडलं होतं, तेही माझ्याच हातांनी तापवलेलं.

एमिलने बशा दाखवल्या, पण लेथमना ते पटलं नाही. एकदा झालं ते खरं नव्हे, सोमवारी पुन्हा कर, म्हणाले. एमिलने शनिवारीच पाणी तयार करून बाटल्या चिठ्ठ्या लावून फळीवर ठेवल्या. रविवारी चर्चमधून मी थेट प्रयोगशाळेत गेले. किल्ली माझ्याकडे होतीच. त्याच्या काचेच्या प्रत्येक बाटलीत मी इस्ट्रोजेन सोडलं, अगदी थेंबाचाही अंश. पेशींना तेवढं पुरतं. मग झाकणं होती तशी घट्ट लावली आणि घरी गेले.

आठवड्याने काचेच्या पाण्यातल्या पेशीही तशाच फोफावल्या. शुक्रवारच्या बैठकीत लेथमनी एमिलला अकरा माणसांसमोर उभं केलं आणि माझी माफी मागायला लावली.

"दोष बाटल्यांचा नव्हता," तो खाली बघत म्हणाला. "मी मिस आल्बिनांवर उगाच संशय घेतला. माफ करा."

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. ते घेऊन मी सुखाने घरी गेले असते आणि जन्मभर गप्प बसले असते.

पण लेथम थांबले नाहीत. सप्टेंबरनंतर दुसरीकडे नोकरी बघ असं त्यांनी त्याला तिथेच सांगून टाकलं, आणि मग हसत म्हणाले, "बाटल्यांपायी दोन महिने घालवले यानं. अरे, बाटल्या म्हणजे काय संशोधन आहे? आल्बिनाच्या जागी उद्या माकड बसवलं तरी पेशी वाढतील."

सगळे हसले. एमिल हसला नाही.

ज्या नावासाठी मी एका पोराचं वाटोळं केलं, त्या नावाची या माणसाच्या लेखी एवढीच किंमत होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"माकड बसवा," मी उठून म्हटलं. "पण आधी ऐका. दोष बाटल्यांचाच आहे. वाफेवर ते प्लास्टिक पाण्यात काहीतरी सोडतं आणि पेशी त्यावर वाढतात."

"आल्बिना, खाली बस. काचेतल्याही वाढल्या."

"वाढल्या, कारण रविवारी येऊन मी त्यांत इस्ट्रोजेन टाकलं. तुमचा रिसेप्टर आपोआप जागा होत नाही, डॉक्टर. दोन्ही वेळा त्याला मीच उठवलं."

लेथमच्या हातातला कागद टेबलावर पडला. मला कोणाची दया आली नव्हती आणि पश्चात्तापही झाला नव्हता, मला फक्त त्या माणसाचं हसू बंद करायचं होतं. एमिल माझ्याकडे ज्या तिरस्काराने बघत होता तो मी पुरता कमावलेला होता. मग त्याची नजर माझ्या हातांवर गेली. पाठोपाठ लेथमची, आणि मग सगळ्यांचीच. सव्वीस वर्षांत त्या खोलीत माझ्या हातांकडे कोणी पहिल्यांदाच पाहत होतं.