पेडल, रिमोट आणि ओवेससमोरची जागा

शेवटी गुणवंत जिंकला. होडीला पेडल बसलं, रिमोट दुकानात परत गेला आणि सिद्धांतचं तोंड बघण्यासारखं झालं.

असं काहीही झालेलं नाही. वरच्या ओळी चुकून आल्या. वाचल्या असतील तर मनातून काढून टाका. अजून शुक्रवारची दुपार आहे, गुणवंत आणि ओवेस शारजात तहा नावाच्या माणसाच्या बोटीच्या सामानाच्या दुकानात उभे आहेत, आणि सिद्धांत गुणवंतला समजावतो आहे.

"बेसिकली दादा, मोटार तीच. होडीच्या पुढच्या टोकाला लागते, बॅटरीवर चालते, आवाज शून्य. प्रश्न फक्त कंट्रोलचा. रिमोट की पेडल?"

सिद्धांत त्याला 'दादा' म्हणायचा. दोघांत पाच वर्षांचं अंतर होतं. गुणवंतला ते पन्नास वर्षांचं वाटे.

होडी मुळात दोघांचीच: गुणवंतची आणि ओवेसची. गुणवंत दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या एका कारखान्यात फोरमन, ओवेस करामातल्या एका ऑफिसचा ड्रायव्हर. एक गुहागरचा, दुसरा हर्णैचा, म्हणजे परदेशात सख्खे शेजारी. सहा वर्षं दर शनिवारी सकाळी दोघं उम्म अल क्वैनच्या खाडीत मासे धरायला जात. मागचं छोटं इंजिन जागेवर पोचलं की बंद करायचं, कारण आवाजाने मासा पळतो. मग गुणवंत वल्ही हातात घ्यायचा.

आता वल्हवणाऱ्याची पाठ होडीच्या पुढे आणि तोंड मागे असतं. मागे, इंजिनापाशी, गळ टाकून ओवेस. म्हणजे सहा वर्षं, दर शनिवारी चार तास, दोघं समोरासमोर. आशाने, म्हणजे गुणवंतच्या बायकोनेही, त्याचं तोंड सलग इतका वेळ पाहिलं नव्हतं. ती गावी होती आणि व्हिडिओ कॉलवर तिला बहुतेक पंखा दिसे.

हिवाळ्यात सिद्धांत आला. पुण्याचा, ओवेसच्याच ऑफिसातला साहेब, पण ओवेसबरोबर गाडीत पुढच्या सीटवर बसणारा. "एकदा येऊ का होडीत?" म्हणाला आणि नंतर दर शनिवारी आला. ओवेस डब्यातून घरची सांदणं आणायचा. पूर्वी चार असत, दोन-दोन. आता सहा असत. गुणवंतला दोनच मिळत होती, कमी काहीच झालं नव्हतं, आणि तेच त्याला सहन होत नव्हतं.

आणि आता ही मोटार. दोन हजार दिरहम. "म्हणजे पन्नास हजारांच्या घरात," गुणवंत मोठ्याने म्हणाला, कारण लाज वाटावी अशी त्याची इच्छा होती. सिद्धांतला वाटली नाही. "माझ्याकडून गिफ्ट. तुमच्या खांद्याचा त्रास वाचेल, दादा."

"माझ्या खांद्याला काही त्रास नाही."

"गुण्या, मागच्या रविवारी शर्ट घालताना रडत होतास," ओवेस म्हणाला.

"ती ॲलर्जी."

तहाने दोन्ही खोकी काउंटरवर ठेवली. "हबीबी, दोनों ले जाओ, कल चला के देखो. एक रखो, एक वापस लाओ. यल्ला."

गुणवंतचं गणित सरळ होतं. रिमोट गळ्यात अडकवायचा, तो कुणाच्याही गळ्यात जाऊ शकतो, आणि सिद्धांतचा गळा तयारच होता. पेडलला मात्र वायर असते. ते पुढच्या टोकाला स्क्रूने बसतं आणि तिथे ज्याचा पाय, त्याची होडी. रिमोट आला तर वल्ही गेली, आणि वल्ह्यांबरोबर गुणवंतही. पेडल आलं तर निदान पाय तरी लागेल. ओवेसला आपली गरज उरावी, एवढंच त्याला हवं होतं. त्यासाठी तो पायावरही समाधान मानायला तयार होता.

शनिवारी सकाळी आधी रिमोट. बटण दाबून धरायचं आणि रिमोट जिकडे दाखवाल तिकडे होडी वळते. सिद्धांतने तो अंगठ्याखाली असा धरला, जसा ऑफिसात प्रेझेंटेशन देताना धरत असेल. होडी लोण्यातून सुरी जावी तशी निघाली. ओवेस म्हणाला, "वा रे वा!"

सहा वर्षांत ओवेसने वल्हवण्याला एकदाही 'वा' म्हटलं नव्हतं. इथे दोन 'वा' गेले, वर एक 'रे'.

गुणवंतने मिनिटभर सिद्धांतकडे पाहिलं. पोरगं हातवारे केल्याशिवाय बोलू शकत नाही, हे त्याच्या लक्षात आलं.

"सिद्धांत," तो गोड आवाजात म्हणाला, "तुझं ऑफिस इथून कुठल्या दिशेला रे?"

"करामा? हे बघा, असं." हात गेला, अंगठा बटणावरच. होडीही करामाकडे निघाली.

"आणि विमानतळ?"

"तो असा, मग इकडे." होडी अशी, मग इकडे.

"पुण्यात तू नेमका कुठला?"

पुण्याचा पत्ता सांगायला सिद्धांतला पाच वळणं लागली. होडीने पाचही घेतली. शेवटचं वळण खारफुटीच्या झाडांत होतं. ओवेसचा गळ फांदीत अडकला, तीन खेकडे होडीत पडले आणि एक बगळा उठून शेजारच्या फांदीवर बसला, जिथून त्याला जास्त नीट दिसणार होतं.

"खलास," ओवेस गळ सोडवत म्हणाला. "पेडल लावा. हा माणूस बोलायला लागला तर ओमानला पोचू."

गुणवंतने लागलीच ड्रिल काढली. ती त्याने घरूनच आणली होती, चार्ज करून. पुढच्या टोकाला चार भोकं पडली, चार स्क्रू बसले, वर सिलिकॉन. सिद्धांत बिचारा म्हणाला, "ग्रेट चॉइस, दादा," आणि त्याने ते मनापासून म्हटलं. गुणवंतला त्याचाही राग आला.

पुढचा शनिवार. गुणवंत पुढच्या टोकाला खुर्चीवर, उजवा पाय पेडलवर. चवडा दाबला की उजवीकडे, टाच दाबली की डावीकडे. समोर निळं पाणी, लांबवर फ्लेमिंगो. राजासारखं वाटायला हवं होतं.

मागून हसण्याचा आवाज आला.

वल्ह्यांच्या मधल्या फळीवर, म्हणजे गुणवंतच्या सहा वर्षांच्या जागेवर, सिद्धांत बसला होता. वारा डोळ्यांत जातो म्हणून मागे तोंड करून. म्हणजे ओवेससमोर. गुडघ्याला गुडघा.

"काय झालं?" गुणवंत मान वळवून म्हणाला. मानेबरोबर कंबर वळली, कंबरेबरोबर पाय, आणि होडी गर्रकन डावीकडे.

"गुण्या, पुढे बघ!"

त्याने पुढे पाहिलं. मागे डब्याचं झाकण वाजलं. ओवेस हळू आवाजात काहीतरी सांगत होता. 'हर्णै', 'अब्बा', 'पहिली नोकरी' एवढंच ऐकू आलं. ही गोष्ट गुणवंतने चार वेळा ऐकली होती. पाचव्यांदा ती दुसऱ्या कुणाला सांगितली जात होती. तो पुन्हा वळला. होडीही वळली.

"अरे पुढे बघ ना बाबा! मासा लागलाय!"

मासा सिद्धांतच्या गळाला लागला होता. शेरी जातीचा, चांगला दोन किलोचा. दोघांनी मिळून आत ओढला. गुणवंतने तो पाहिला नाही. तो पुढे बघत होता.

"ओवेस, तू पुढे येऊन बसतोस का?" तासाभराने त्याने फ्लेमिंगोंना विचारलं.

"इंजिन मागे आहे रे. मी कुठे पुढे येऊ?" मागून उत्तर आलं. मग जरा थांबून, "तुझ्या वाटणीची सांदणं ठेवलीयत. परतल्यावर खा, आता तुझा पाय गुंतलाय."

सोमवारी गुणवंत तहाकडे गेला. परत केलेला रिमोट? तहाने दोन्ही हात वर केले. बिक गया हबीबी, नया माल दो महीना, इन्शाल्ला. आणि पेडल परत? तहाने त्यावरचं सिलिकॉन मोबाईलच्या फोटोत मोठं करून पाहिलं आणि त्याला चहा पाजला.

त्या रात्री गुणवंतने खोलीवर बसून, शाळेत शिकवलेल्या नमुन्यात, होडी बनवणाऱ्या अजमानच्या वर्कशॉपला पत्र लिहिलं. तिथे मराठी कुणालाच येत नव्हतं. पण अर्ज करायचा तर त्याला दुसरी भाषा माहीत नव्हती.

"प्रति, मा. व्यवस्थापक. विषय: होडीची दिशा बदलून मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून नम्रपणे कळवण्यात येते की, आपल्याकडून खरेदी केलेल्या होडीचे पुढचे टोक पुढच्या बाजूस असल्याने, पेडल चालवणाऱ्या व्यक्तीस सहप्रवासी श्री. ओवेस यांच्याकडे पाठ करून बसावे लागते. सबब, सदर होडीचे पुढचे टोक मागे व मागचे टोक पुढे करून मिळावे, व तसे करताना श्री. ओवेस यांस आहे त्याच जागी बसू द्यावे, ही विनंती. सदर कामी श्री. सिद्धांत यांचे मत विचारात घेऊ नये."