गुरुशांतचा नकाशा

धुणी धुवायचा जुना दगड म्हणजे मी, मित्रांनो. मंद्रूपकडच्या एका पाथरवटाने मला घडवले आणि सोलापुरात, शुक्रवार पेठेतल्या एका परसाच्या मधोमध मी येऊन बसलो. त्याला चाळीस वर्षे झाली. असा दगड पेठेत दुसरा नाही, असे गल्लीतल्या बायका म्हणत. ते खरेच होते. पुढे घरात वॉशिंग मशीन आले. ते नुसते घरघरते आणि कॉलर मळकीच ठेवते. तरी त्याच्यावर फुलाफुलांचे कव्हर असते आणि माझ्यावर फरशी पुसायचे फडके.

या घराचा मालक गुरुशांत विम्याच्या ऑफिसात आहे. त्याने जन्मात मातीला हात लावलेला नाही. त्याची आई दानम्मा मंद्रूपला एकटी राहायची. शेत वाट्याने दिलेले, गुडघे दुखरे. गुरुशांत दर आठवड्याला फोनवर म्हणायचा, "अव्वा, इकडे ये." तिचे उत्तर ठरलेले, "हितं येऊन काय करू? भिंतीकडं बघत बसू?" शेवटी तो म्हणाला, "परसात भाजीची बाग करतो. मग तर येशील?"

आणि त्याने नकाशा काढला. मोबाइलवर बघून, पट्टीने आखून, चार चौकोन. रंगसुद्धा भरले. टोमॅटो तांबडा, मेथी हिरवी. असा अडाणीपणा मी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. टाकीमागच्या ज्या कोपऱ्यात ऊन कधी पोचत नाही, तिथे टोमॅटो. शेजारच्या तीन मजली इमारतीच्या पायथ्याशी, जिथे दुपारनंतर तापलेल्या भिंतीने अंग भाजते, तिथे कोवळी मेथी. हे सगळे मला पाठ होते. पण दगडाला कोण विचारतो? मी वांग्याच्या चौकोनात येत होतो, म्हणून दोन गड्यांनी मला पहारीने ढकलत भिंतीशी नेले. दोरी लावून फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारल्या. गुरुशांतने फोटो काढला.

मार्चमध्ये दानम्मा आली. पिशवी खाली न ठेवताच तिने परसावरून नजर फिरवली.

"दुपारी तीनला मेथीवर ऊन असतंय का?"

"दुपारी मी ऑफिसात असतो की, अव्वा."

दानम्माने परतीच्या गाडीची वेळ तेवढी विचारली. गुरुशांतचे तोंड उतरले. मला त्याची दया आली नाही.

सकाळी मात्र त्याची बायको शिवलीला चहा घेऊन बाहेर आली. म्हणाली, "अत्ती, जायच्या आधी मला तरी दाखवा, कुठं काय लावायचं." दानम्मा माझ्यावर येऊन बसली आणि दिवस मावळेपर्यंत हलली नाही. तासातासाला ती बोट दाखवी आणि जिथे सावली संपे, तिथे शिवलीला काडी रोवी. संध्याकाळी परसभर काड्या झाल्या. मेथी पश्चिमेच्या भिंतीच्या आडोशाला गेली, टोमॅटो उघड्यावर आला, टाकीवर दोडक्याचा वेल ठरला. गुरुशांत ऑफिसातून आला आणि फक्कीच्या रेघा स्वतःच पायाने पुसू लागला.

आता माझी मूळ जागा उरली. परसातली सर्वांत चांगली जागा ती, चाळीस वर्षे पाणी प्यालेली. तिथे वांगी डोलतील, याची मला खात्री होती. दानम्माने चिमूटभर माती उचलली, चुरली, नाकाशी धरली.

"साबणानं मेली ही. हितं काय यायचं न्हाय. चालायला वाट करा."

मित्रांनो, ते पाणी मीच पाजले होते. त्या रात्री मी नकाशाला नावे ठेवली नाहीत.

"अव्वा, मग राहशील ना?" गुरुशांतने विचारले.

"मेथीला पाणी कोण घालंल, तुजं ऑफिस?" असे म्हणून तिने पिशवीतले लुगडे काढून दोरीवर टाकले.

तुम्हीही कधी भाजीची बाग आखणार असाल तर पट्टी हातात घेण्याआधी एक अख्खा दिवस तिथे बसा. बसायला माझ्यासारखा दगड असेल तर उत्तमच. मात्र त्याची फुशारकी ऐकून वांगी लावू नका. माती स्वतः उचलून नाकाशी धरा.