गिअर पडेना

श्यामसुंदरनी पुन्हा क्लच दाबला आणि गिअरची दांडी पुढे रेटली. आतून कर्र आवाज आला, दांडी हातात थरथरली, पण पहिला गिअर काही पडला नाही. घाईघाईत ब्रेकवरचा पाय सैल झाला आणि गंगाधामच्या चढावर गाडी मागे घसरू लागली. मागे मार्केट यार्डातून कांदे भरून निघालेला टेम्पो होता. त्याचा हॉर्न सुरू झाला तो थांबेना.

शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोने, मंदाकिनीने, हँडब्रेक ओढला.

"हॉर्न वाजवून गिअर पडत असता, तर मीच वाजवत बसलो असतो," आरशाकडे बघत श्यामसुंदर म्हणाले. आवाज नेहमीसारखाच कोरडा होता. घाम मात्र कानामागून कॉलरपर्यंत उतरला होता.

त्यांनी इंजिन बंद केलं. बंद गाडीत गिअर निमूट पडला. मग तो तसाच ठेवून त्यांनी हँडब्रेक सोडला आणि किल्ली फिरवली, तेव्हा गाडीने पुढे अशी उडी घेतली की मंदाकिनीचा हात आपोआप मागच्या सीटकडे गेला. मागे कुणी नव्हतं. नातीला, तनयाला, शाळेतून आणायला अजून अवकाश होता.

दोघं बिबवेवाडीला घरी पोचले.

श्यामसुंदरनी उभी हयात तंत्रनिकेतनात मोटारीचं इंजिन शिकवलं होतं. बिघाड ऐकून ओळखायचा नसतो, एकेक शक्यता खोडत जायचं असतं, हे ते मुलांना पुन्हा पुन्हा सांगत. निवृत्त झाल्यावर नातीला शाळेतून आणायचं काम त्यांनी आपणहून मागून घेतलं होतं. लेक अक्षता नोकरीवर, जावई फिरतीवर. दुपारी शाळेच्या फाटकाशी उभं राहणारे आजोबा ही त्यांची नवी ओळख होती आणि तिचा त्यांना जुन्या हुद्द्यापेक्षा जास्त अभिमान होता.

गिअरचं हे दुखणं पावसाळा संपता संपता सुरू झालं. बंद गाडीत गिअर पडतो आणि चालू गाडीत अडतो, म्हणजे दोष गिअरबॉक्सचा नाही, क्लच पूर्ण सुटत नाही, एवढं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मग शोध सुरू झाला. क्लचचं तेल बघितलं, ते काठोकाठ होतं. नळीत हवा अडकली असेल म्हणून ती काढून घेतली. पेडलखाली सरकतं म्हणून पायाखालचं मॅट उचलून गच्चीत टाकलं. शेवटी सलिलच्या गॅरेजात क्लच प्लेटसुद्धा नवी बसली. सलिल त्यांचाच विद्यार्थी, आता स्वतःचं मोठं गॅरेज असलेला. त्याने गाडी कात्रजच्या बोगद्यापर्यंत पळवून आणली आणि किल्ली परत देताना म्हणाला की सर, मला तर काही सापडत नाही. हे बोलताना तो सरांकडे न बघता मंदाकिनीकडे बघत होता, आणि तिने नजर वळवली होती.

कारण तिला दुसरंच काही दिसत होतं. श्यामसुंदरच्या डाव्या पायातली चप्पल चालताना निसटू लागली होती. त्यांनी गाजावाजा न करता पट्ट्याची सँडल आणली. जिना चढताना डावा पाय पायरीच्या कडेला अडखळे, तेव्हा ते पायरीकडे असं रागाने बघत जणू गवंड्याची चूक होती. एकदा तिने डॉक्टरांचा विषय काढला. त्यावर त्यांनी, पाय माझा आहे आणि अडचण गाडीला आहे, असं सांगून पेपर उघडला होता. तिने पुन्हा विषय काढला नाही. पायाचं दुखणं उघड झाल्यावर काय काय बंद होईल याची तिलाही भीती वाटत होती.

आज मात्र चढावरून आल्यावर ते घरात आले नाहीत. ती पाण्याचा तांब्या घेऊन खाली गेली, तर ते पार्किंगमध्ये गाडीचं दार उघडं टाकून ओट्यावर बसले होते. हातात टॉर्च होती.

"एक गोष्ट बघायची राहिली," ते म्हणाले.

"कोणती?"

त्यांनी तांब्या घेतला. तांब्यातलं पाणी प्यायले, तोंड पुसलं.

"तेल झालं. नळी झाली. प्लेट झाली. पेडल झालं." मग टॉर्च पेटवून, "तू बस. इंजिन चालू करून रिव्हर्स टाक. मी पेडल बघतो."

मंदाकिनीने त्यांच्या हातातला तांब्या घेऊन ओट्यावर ठेवला. बँकेत होती तोवर ती रोज हीच गाडी स्वारगेटपर्यंत नेत असे. तिला गाडी येत नाही असं नव्हतं. पण या परीक्षेत फक्त पाय बदलत होता, बाकी काहीच नाही, आणि हे त्यांना कळत नसेल असं नव्हतं. फळ्यापुढे उभं राहून आयुष्यभर हेच तर शिकवलं होतं.

ती बसली. सीट पुढे घेतली. श्यामसुंदर दाराशी गुडघे टेकून बसले, खाली वाकले आणि टॉर्चचा उजेड तिच्या पायांवर पडला. तिला त्यांचं टक्कल आणि मानेची मागची बाजू तेवढी दिसत होती.

किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं.

तिने डावा पाय क्लचवर ठेवला. एकदा कर्र वाजलं की झालं, तिच्या मनात आलं. गाडी पुन्हा सलिलकडे जाईल, तो आणखी काही तरी बदलेल. तनयाला रोज आपणच चालत आणू. गुडघ्याला चालणं चांगलं, असं काही सांगू. शाळा तशी लांब नाही. हे दिवस, महिने, जेवढे मिळतील तेवढे असेच जातील. तिने क्लच अर्ध्यावर दाबला आणि दांडी रिव्हर्सकडे ओढली.

कर्र. अगदी तस्साच आवाज. दांडी तिच्या तळव्यात थरथरली.

"नाही पडत," ती म्हणाली. आवाज जमेल तेवढा साधा ठेवला. "तुम्ही म्हणता तेच खरं. गाडीतच आहे काही तरी."

टॉर्चचा उजेड हलला नाही.

"पूर्ण दाब, मंदा."

"दाबलाय की."

"अजून जागा आहे खाली." त्यांनी मान वर केली नाही. आवाजात राग नव्हता. नापास होणाऱ्या मुलाला पुन्हा एक संधी देताना ते असंच बोलत असतील. "जमिनीला टेकू दे."

तिच्या डोळ्यांसमोर पार्किंगचा खांब धूसर झाला. तिने पाय खाली नेला, आणखी खाली, टेकेपर्यंत. दांडी ओढली. पडू नये, असं तिला शेवटच्या क्षणापर्यंत वाटत होतं. गिअर लोण्यात सुरी जावी तसा पडला.

श्यामसुंदर तसेच बसून राहिले. मग टॉर्च बंद झाली. दाराला धरून ते उठू लागले, तेव्हा ती गिअर काढून मदतीला उतरायला निघाली. पण त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला बसवलं आणि बाहेरून दार लावून घेतलं. बॉनेटवर हात टेकत ते गाडीच्या पुढून पलीकडे गेले. सँडलचं टोक फरशीवर घासल्याचा आवाज इंजिनच्या आवाजातही तिला ऐकू आला.

ते डाव्या सीटवर बसले. उजवा पाय आत घेतला. डावा बाहेरच राहिला. क्षणभर त्याच्याकडे बघून त्यांनी दोन्ही हातांनी गुडघ्याखाली धरून तो उचलला आणि आत ठेवला, तिच्या देखत.

"अक्षताला मी सांगेन," ते म्हणाले. "तू काही बोलू नकोस."

"बरं."

"डॉक्टरांना तू फोन कर. मला ते नंबर घ्या, थांबा वगैरे जमत नाही."

"करते."

त्यांनी पट्टा ओढून लावला, समोरची काच उगाच पुसली. शाळा सुटायची वेळ होत आली होती. मंदाकिनीने आरसा आपल्या उंचीला वळवून घेतला.

"मागे कोणी नाही ना बघ," श्यामसुंदर म्हणाले, "आणि काढ हळूच."