साखर काढून घेतलेली बरणी

मित्रांनो, मी एक जुनी काचेची बरणी आहे. पुंडलिकनगरात, दुसऱ्या मजल्यावरच्या एका स्वयंपाकघरात, ओट्यावरच्या फळीवर माझा मुक्काम असतो. बरणीनं गप्प आणि स्थिर असावं अशी लोकांची अपेक्षा असते. मला ते कधीच जमलं नाही. मिक्सर सुरू झाला की मी थरथरते, कुणी दार आपटलं की माझं झाकण खडखडतं. आणि गेल्या वर्षी या घरात जे घडलं, ते पाहताना तर मला घडीभर स्वस्थ बसवत नव्हतं. ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

वाळू वितळवून एका कारखान्यात मला घडवलं. मग माझ्यात कॉफी भरली आणि मी दुकानाच्या फळीवर येऊन बसले. मनकर्णाबाईंनी मला तिथंच पाहिलं. त्यांच्या घरात कॉफी कुणीही पीत नव्हतं. पण बरणी जाड काचेची आहे, झाकण घट्ट बसतं, एवढं पाहून त्यांनी मला उचललं. कॉफी येणाऱ्याजाणाऱ्याला पाजून संपवली, मला गरम पाण्यानं धुतलं, उन्हात वाळवलं आणि माझ्यात साखर भरली.

ते दिवस माझे मानाचे होते. पाहुणा आला की पहिला हात माझ्याकडे यायचा. घरात कुणी परीक्षेत पास झालं, की देवापुढे ठेवायला चमचाभर साखर माझ्यातूनच जायची. घरातले कर्ते सांडू आबा, म्हणजे मनकर्णाबाईंचे यजमान, मूळचे अजिंठ्याकडचे. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात लेथ यंत्रावर त्यांची उमर गेली. त्यांना चहा असा गोड लागायचा की कपाच्या तळाशी साखर उरली पाहिजे. "मने, हात आखडू नको," असं ते म्हणायचे आणि मनकर्णाबाई हसत आणखी अर्धा चमचा टाकायच्या. शेजारणी म्हणायच्या, बरणी किती छान ठेवलीय हो. हे ऐकून मी जरा फुगले होते, हे खरं आहे.

मग आबांना शुगर निघाली. डॉक्टरांनी गोड बंद करायला सांगितलं आणि त्याच दिवशी मनकर्णाबाईंनी मला रिकामं केलं. बाकीच्यांच्या चहापुरती साखर एका लहान स्टीलच्या डबीत गेली आणि मी गेले गॅसच्या सिलिंडरमागं. गुन्हा साखरेचा आणि हद्दपार मी. तिथं अंधारात, झुरळांच्या सोबतीत मी कितीतरी दिवस काढले. फार वाईट वाटायचं. पण आबांच्या भल्यासाठी आहे, असं म्हणून मी मनाची समजूत घालत होते.

त्यातच आबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला. मागच्या गल्लीतले युसूफभाई हे त्यांचे कारखान्यापासूनचे दोस्त. रोज दुपारी त्यांच्या ओसरीवर दोघांचा कॅरम रंगायचा. आता आबांना काळी सोंगटी कोणती आणि पांढरी कोणती हेच कळेना. युसूफभाई आवाजानं सांगायचे, आबा अंदाजानं मारायचे. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, "आधी शुगर खाली आणा. तीन महिन्यांनी तपासू, मग ऑपरेशन करू." आबांनी मान डोलावली. त्यांना पुन्हा नीट दिसायला हवं होतं, बाकी काही नको होतं.

घरची सून रूपाली पतपेढीत नोकरी करते. सासऱ्यांवर तिची माया आहे. ती जालना रोडवरच्या मोठ्या सुपरमार्केटात गेली आणि आबांसाठी खास बिस्किटं घेऊन आली. पुड्यावर ओट्सच्या ओंब्या होत्या, हिरवं पान होतं आणि मधाचा थेंब ओघळत होता. साध्या बिस्किटांपेक्षा दुप्पट महाग. सकाळच्या नाश्त्याला मधाच्या चवीचे पोहेही आणले, ते दुधात भिजवून खायचे. फ्रिजमध्ये फळांचा रस आला. "आबा, हे सगळं तब्येतीचं आहे. पोटभर खा," ती म्हणाली.

आता या घराची, आणि खरं तर आपल्याकडच्या बहुतेक घरांची एक रीत आहे. दुकानातून पुडा आला की तो फोडायचा, माल डब्यात ओतायचा आणि पुडा कचऱ्याच्या डब्यात टाकायचा. मनकर्णाबाईंना फळीवर पुडे लोळत पडलेले अजिबात खपत नाहीत. डबे कसे एका ओळीत, पुसलेले, लखलखीत दिसले पाहिजेत. त्यांनी मला सिलिंडरमागून काढलं, घासलं, आणि ती बिस्किटं माझ्यात रचली. पुडा सकाळच्या घंटागाडीत गेला.

मी पुन्हा फळीवर आले. आनंदानं माझा जीव वेडा व्हायला हवा होता. पण पहिलं बिस्किट तळाला टेकलं आणि मी चपापले. मित्रांनो, मी इतकी वर्षं साखर पोटात सांभाळली आहे. तिला मी ओळखणार नाही का? बिस्किटांचा चुरा माझ्या तळाशी साचत होता आणि त्यात तीच होती. ज्या साखरेपायी मला हद्दपार केलं, तीच साखर माझ्यातूनच आबांच्या ताटलीत जात होती. आबा बिनसाखरेचा चहा तोंड वाकडं करून प्यायचे आणि त्याबरोबर चार-चार बिस्किटं खायचे. मला ओरडून सांगावंसं वाटे. झाकण खडखडण्यापलीकडे माझ्या हातात काय होतं? मनकर्णाबाई झाकण आणखी घट्ट बसवायच्या.

तीन महिन्यांनी रिपोर्ट आला. शुगर खाली आली नव्हती, उलट थोडी चढलीच होती. ऑपरेशन पुढं ढकललं. त्या संध्याकाळी मनकर्णाबाईंनी आबांना स्वयंपाकघरात माझ्यासमोरच धरलं.

"खरं सांगा, भाईर काय खाता तुम्ही?"

"काय बी नाय खात."

"मग शुगर काय हवेतनं येती व्हय?"

"मला काय म्हाईत? मी खाल्लं नाय, येवढं म्हाईतंय."

"लई वर्षांची सवय हाय तुम्हाला. अशी सुटती व्हय?"

 आबांनी समोरच्या ताटलीतलं बिस्किट चाचपून उचललं आणि खाल्लं. तेवढ्याचीच त्यांना परवानगी होती.

रूपालीनं त्याहून वाईट केलं. तिनं युसूफभाईंना फोन लावला आणि हात पिठाचे होते म्हणून स्पीकरवर ठेवला. "चाचा, राग मानू नका. आबांना तुमच्याकडं गोड काही देत नाही ना? बेकरीचं वगैरे?"

 पलीकडून युसूफभाई म्हणाले, "बेटी, तुम्हारी चाची सगीरा को खुद शुगर है. आमच्या घरात शक्कर येतच नाय. मी माझ्या दोस्ताला जहर कशाला देईन?"

"तसं नाही चाचा," रूपाली म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. पण तिच्या चेहऱ्यावरचा संशय गेला नव्हता, मला तो स्पष्ट दिसत होता. आबांनी बाहेरच्या खोलीतून सगळं ऐकलं होतं. "माझ्यावर आळ घेतला ते घेतला," ते म्हणाले. "त्याच्यावर बी? आता कोणत्या तोंडानं जाऊ मी त्याच्या घरी?" दुसऱ्या दिवसापासून त्यांचं कॅरमला जाणं बंद झालं. दुपारभर ते खिडकीशी बसायचे. धड दिसत नव्हतं आणि बोलायला कुणी नव्हतं. मी फळीवर तळमळत होते. खरं बोलणारा माणूस घरातच खोटा ठरला होता आणि पुरावा माझ्या पोटात होता.

मग सुपरमार्केटात त्या बिस्किटांवर एकावर एक फुकट अशी योजना आली आणि रूपालीनं दोन मोठे पुडे आणले. सगळी बिस्किटं माझ्यात मावेनात. नाइलाजानं मनकर्णाबाईंनी उरलेला पुडा तोंड दुमडून, कपड्यांचा चिमटा लावून माझ्या शेजारी ठेवला. रविवारी सकाळी पाहतात तर भिंतीच्या कोपऱ्यापासून पुड्यापर्यंत मुंग्यांची रांग लागलेली.

"रूपाली, हे बघ गं," मनकर्णाबाई कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या. "गुळाच्या ढेपीला लागावं तशा लागल्यात. तब्येतीच्या बिस्किटाला येवढ्या मुंग्या कशापायी?"

रूपालीनं पुडा उचलला, सिंकवर झटकला, आणि झटकता झटकता तो उलटा झाला. मागच्या बाजूची बारीक अक्षरं तिनं पहिल्यांदा वाचली. घटकांची यादी ज्याचं वजन जास्त त्याच्यापासून सुरू होते. पहिला होता मैदा. दुसरी साखर. मग तेल. पुढं इन्व्हर्ट सिरप, लिक्विड ग्लुकोज, म्हणजे वेगळ्या नावानं पुन्हा साखरच. ओट्स खूप खाली होते आणि मध जवळजवळ शेवटी. शेजारच्या चौकटीत लिहिलं होतं की शंभर ग्रॅममध्ये पंचवीस ग्रॅम साखर वरून घातलेली आहे. म्हणजे मी अजूनही पाव भरलेली साखरेचीच बरणी होते.

रूपालीचा हात थांबला. तिनं स्टीलची डबी काढली. एका सपाट चमच्यात साधारण चार ग्रॅम साखर मावते, हे तिला ठाऊक होतं. आबा दिवसभरात जेवढी बिस्किटं खात, तेवढ्यांची साखर तिनं एका ताटलीत मोजून ओतली. मग फ्रिजमधल्या रसाचं खोकं वाचून त्याची ओतली. मधाच्या पोह्यांचा पुडा तर केव्हाच घंटागाडीत गेला होता, त्यांचा हिशेब राहूनच गेला.

मनकर्णाबाई ताटलीतल्या ढिगाकडे बघत राहिल्या. "येवढी तर मी त्यांना च्यात बी देत नव्हते," त्या हळूच म्हणाल्या.

रूपालीला रडू आवरेना. ती ताटली तशीच घेऊन बाहेर गेली आणि आबांच्या हातात दिली. "आबा, तुम्ही चोरून खात नव्हता. मीच तुम्हाला खाऊ घालत होते."

आबांनी ढिगात बोटं घातली, चिमूटभर साखर बोटांत चोळून पाहिली. "मला सांगून काय उपेग?" ते म्हणाले. "युसूफला सांग."

ती फोनवर बोलली नाही. चपला घालून मागच्या गल्लीत गेली आणि तासाभरानं युसूफभाईंना घेऊनच वर आली. युसूफभाई दारातूनच म्हणाले, "चल सांडू. बोर्ड पुसून ठेवलाय. रुसायला काय आपली शादी लागलीय का?" आबा उठले. जाताना त्यांना उंबरा दिसला नाही, युसूफभाईंनी दंड धरला.

आता माझ्यात फुटाणे असतात. कधीमधी शेंगदाणे. मनकर्णाबाईंची डबे भरायची रीत अजून तीच आहे, पण पुडा फोडण्याआधी त्या रूपालीला हाक मारतात, "ये, मागचं वाच आधी." रूपालीला बाजारात जास्त वेळ लागतो. सॉसची बाटली, पावाचा पुडा, सुपाचं पाकीट, जे हातात घेते ते ती उलटं करून पाहते आणि बरंचसं फळीवर परत ठेवते.

औषधं चालूच होती, आणि पुढच्या रिपोर्टात शुगर उतरली. डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली. घरात सगळ्यांना हायसं वाटलं. मनकर्णाबाईंनी आबांपुढं चहा ठेवला आणि म्हणाल्या, "आता तरी हसा की. सगळं नीट झालं."

आबांनी कप हातात धरला. "शुगर उतरली, डोळा बी व्हईल," ते म्हणाले. "पर मी रोज खरं सांगत व्हतो, मने. घरातल्या एकानं बी मानलं नाय." मनकर्णाबाईंनी मान खाली घातली.  

म्हणून मित्रांनो, मला अजून चैन नाही. तुमच्याही घरात माझ्यासारख्या बरण्या ओळीनं उभ्या असतील, स्वच्छ, देखण्या आणि मुक्या. आमच्यात काय ओतलं जातंय ते आम्ही सांगू शकत नाही. पुड्याला ते सांगता येतं, फक्त त्याच्या पाठीवर. तो फेकण्याआधी उलटा करून वाचा, मोठ्यांना वाचून दाखवा. आणि घरात कुणावर संशय घ्यायची वेळ आली, तर तो आधी पुड्यावर घ्या. माणसावर घेतलेला संशय रिपोर्ट चांगला आला तरी उतरत नाही.