नाकापर्यंत पावणेपाच फूट

आमच्या सुमतीने भूमापन खात्यात एकतीस वर्षं काढली. बाळकुमला टॉवर नव्हते, भातखाचरं होती, तेव्हा साडी खोचून ही चिखलात उतरायची आणि माणसांची भांडणं फुटा-इंचात सोडवायची. निवृत्त झाल्यावर तिने जुना जपानी रेंजफाइंडर कॅमेरा घेतला, नऊ हजारांना. मी तेव्हाच कुरकुरलो होतो. आता प्रकरण तीन लाख दहा हजारांच्या जर्मन कॅमेऱ्यावर आलं होतं.

रेंजफाइंडर म्हणजे काय, हे तिने मला इतक्या वेळा सांगितलंय की मी परीक्षेला बसू शकेन. खिडकीतून बघायचं. मधल्या पिवळसर चौकोनात एकाच माणसाची दोन चित्रं दिसतात. लेन्सची रिंग फिरवून ती एकावर एक आणायची. जुळली की फोकस झाला. तिच्या कॅमेऱ्यातला चौकोन म्हणे फिका पडलेला. जर्मन कॅमेऱ्यात लख्ख.

हे खूळ घातलं प्रीतमने. वर्तकनगरच्या आमच्या फोटो-मंडळातला हा पोरगा पाठीवर महागड्या लेन्सा आणि तोंडात फुकट सल्ले घेऊन फिरतो. प्रदर्शनासाठी मंडळाने चार फोटो निवडले, त्यातले तीन हिचे. तर हा म्हणतो, "काकू, त्या डब्यातून एवढं निघतंय, तर भारी कॅमेऱ्यावर काय आग लावाल!"

कौतुकच होतं ते. पण हिने त्यातला 'डबा' तेवढा घरी आणला. पंधरा दिवस कॅमेऱ्याला हात लावला नाही.

"ते तीन फोटो लागून गेले हो," ती म्हणाली. "दर वेळी थोडेच लागणार?"

एफडी मोडायची ठरली. तिच्या ग्रॅच्युइटीची एफडी, त्यामुळे मला बोलायची मुभा होती, अडवायची नव्हती.

रविवारी शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये सव्वा तास घालवून आम्ही डोंबिवलीला राजरत्नच्या दुकानात पोचलो. जुने कॅमेरे दुरुस्त करतो, विकतोही. त्याने जर्मन कॅमेरा पुढे ठेवला. हिने डोळ्याला लावला आणि गप्प झाली. तिचं गप्प होणं महागात पडतं, हा माझा अडतीस वर्षांचा अनुभव.

"जुना एक्सचेंजमध्ये घ्याल ना?" मी घाईने विचारलं.

राजरत्नने आमचा डबा कॅलेंडरवर रोखला. रिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली. परत फिरवली.

"काकू, हा पडला होता का कधी?"

"दोन वर्षांपूर्वी, बाकावरून. पण नंतर फोटो नीट येतायत."

"याचं रेंजफाइंडर बंद आहे. आतला आरसा निसटलाय. चौकोन फिका नाही, मेलाय तो. दुसरं चित्र येतच नाही."

"म्हणजे एक्सचेंजचे शून्य," मी म्हटलं.

त्याचं लक्ष नव्हतं. हिच्या पिशवीतले ते तीन प्रिंट त्याने उचलले होते. भिंग लावून तो फोटोतल्या बाळकुमच्या म्हाताऱ्या नाथाच्या पापण्या बघत होता.

"हे कधीचे?"

"यंदाचे."

"याच कॅमेऱ्यावर? कसं शक्य आहे? फोकस कसा करता?"

सुमती कॉपी करताना पकडल्यासारखी झाली. "चौकोनात काही दिसेना, म्हणून आपलं तात्पुरतं... रिंगवर फुटांचे आकडे आहेत ना? माणूस किती लांब आहे बघायचं, तो आकडा लावायचा. सगळे तसंच करत असतील की."

"कोणी करत नाही, काकू." तो काउंटरमागे सरळ उभा राहिला. "मी किती लांब आहे?"

"नाकापर्यंत की कानापर्यंत?"

मी एक्सचेंजचा विषय तिथेच सोडला, खोटं कशाला सांगू.

"नाकापर्यंत."

"पावणेपाच."

त्याने खणातून टेप काढली. एक टोक मी हिच्या चष्म्यापाशी धरलं. चार फूट नऊ इंच.

"बाहेरच्या स्कूटरचा दिवा?"

"साडेअकरा."

अकरा फूट सात इंच भरलं. ती माझ्याकडे वळली. "तो एक इंच तुम्ही टेप सैल धरल्याचा."

राजरत्नने प्रिंट दोन्ही हातांनी परत दिले. तीन लाखांचं गिऱ्हाईक हातचं चाललंय हे त्यालाही कळत होतं, पण चेहरा जत्रेतल्या पोरासारखा.

आणि मी, पंधरा दिवस नको नको म्हणणारा मी, म्हणालो, "घे गं तो जर्मन. निम्मे माझे."

"आता?" ती हसली. "त्या चौकोनाचं मी करू काय?" तिने डबा उचलला, डोळ्याला लावायच्या आधीच रिंग फिरवली. "राजरत्न, टेप हातातच राहू द्या. हलू नका."

फोटो निघाला. पंधरा दिवसांतला पहिला.

मंगळवारी मंडळाची बैठक आहे, प्रीतम येणार आहे. बाहेर पडताना शेजारच्या हार्डवेअरच्या दुकानातून मी पाच मीटरची टेप घेतली. एकशे ऐंशी रुपये, अजिबात न कुरकुरता.