मकाब्र म्हणजे काय

संग्रहालयात चित्रांखालच्या पाट्या लिहिणं हे तिचं काम. एका चित्रापाशी मात्र तिचं घोडं तीन दिवस अडलं होतं. चित्रात सांगाडे राजाला, न्यायाधीशाला आणि एका धोबिणीला हाताला धरून नाचात ओढत होते. मागच्या बाजूला इंग्रजीत शब्द होता, मकाब्र.

"भयानक नाच असं लिही आणि मोकळी हो," साहेब म्हणाले.

तिला पटेना. सांगाडे तर चक्क हसत होते.

संध्याकाळी ती मामाकडे गेली. मामा थडग्यांच्या दगडांवर अक्षरं कोरायचा. तिने शब्द सांगताच छिन्नी न थांबवता तो म्हणाला, "मकबरा म्हणायचंय का तुला? निम्मं आयुष्य त्यातच गेलं माझं."

ती हसली खरी, पण ते डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी तिने ग्रंथालयातले जाडजूड कोश उघडले. शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आलेला. त्याच्या मागचं कुळ कोणतं, यावर पंडितांचं एकमत नव्हतं. काही म्हणत, मकाबी या प्राचीन ज्यू घराण्याच्या नावावरून आला. काही म्हणत, कब्रस्तानांसाठीच्या अरबी शब्दावरून, म्हणजे आपल्या मकबऱ्याच्याच गोतावळ्यातला.

"मग मामांचंच लिही," तिच्याकडून मामाचा किस्सा ऐकून साहेब खूश झाले. "लोकांना आवडेल."

तिलाही मोह झाला. तिने मामाला चित्र दाखवायला बोलावलं. तो चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ बघत राहिला.

"राजा मागे रेटतोय," तो म्हणाला. "धोबीण मात्र डोक्यावरच्या बोचक्यासकट पाय उचलतेय."

"पण मामा, शब्दाचं काय लिहू? तुझं?"

"खात्री आहे?"

"नाही."

"मग तसं लिही. दगडावर चुकीचं साल कोरलं तर पुढची शंभर वर्षं ते चुकीचंच वाचतात लोक."

तिने पाटीवर लिहिलं: 'मरणाचा नाच. यातून कुणाची सुटका नाही.' खाली दोन्ही तर्क, आणि मूळ नक्की ठाऊक नसल्याची कबुली. साहेब कुरकुरले, पण सही केली.

लोक त्या पाटीपाशी रेंगाळू लागले, आपापसांत वाद घालू लागले. महिन्याभराने एका म्हाताऱ्या भाषाशिक्षिकेने तिच्यासाठी चिठ्ठी ठेवली. त्यात तिसराच तर्क होता. तिने हातातला चहा तसाच ठेवला आणि चिठ्ठी घेऊन ग्रंथपालांकडे निघाली.