आत्याच्या अर्ध्या गोळ्या

फार्मसीच्या पहिल्या वर्षाचा पर्यावरणशास्त्राचा पेपर म्हणजे डाव्या हातचा मळ, असं सगळा वर्ग मानत असे. कंपाउंडर मात्र तोही घोकून काढी, आणि तिचं घोकणं म्हणजे ओरडणं. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत येरझारा, आणि आवाज असा की खालच्या मजल्याचाही अभ्यास व्हावा.

'कंपाउंडर' हे नाव आत्याने ठेवलेलं. आईवडील गेल्यापासून भाचीला तिनेच वाढवलं होतं. आत्या सिटी बसवर कंडक्टर. तिचे पाय इतके सुजायचे की बुटाच्या नाड्या सुट्याच असत. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय. अंगातलं जादा पाणी लघवीवाटे काढणारी अर्धी गोळी रोज घ्यायची, चुकवायची नाही. झालं, कंपाउंडरला हक्काचा पेशंट मिळाला.

दिवसाआड सकाळी ती गोळी कापायच्या डबीत ठेवून तिचे दोन तुकडे करी. डबीचं पातं वाकडं बसलेलं, त्यामुळे तुकडे तिरपे निघत. आत्या रोज एक तुकडा तोंडात टाकी, वर पाणी पिई, आणि कंपाउंडर स्वतःची पाठ थोपटून कॉलेजला पळे. सूज मात्र उतरेना. जिना चढून आली की आत्या दारातच बसून राही. असंच चाललं तर दवाखान्यात ठेवावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा कंपाउंडरचं धाबं दणाणलं. आत्याशिवाय तिला दुसरं होतं कोण?

अशात पर्यावरणशास्त्राचा प्रकल्प आला. घरोघरची उरलेली औषधं गोळा करून कॉलेजच्या पेटीत टाकायची, म्हणजे ती गटारात न जाता नीट जाळली जातात. आमच्या घरी एक गोळी वाया जात नाही, असं कंपाउंडर वर्गात फुशारकीने सांगून बसली होती.

संध्याकाळी चादर पसरून ती शेजाऱ्यांनी दिलेली औषधं निवडू लागली. पिशवीच्या तळाशी एक पत्र्याची डबी निघाली. ती कुणी दिली ते आठवेना. आत नुसते अर्धे तुकडे, ओले होऊन वाळलेले, आणि सगळे तिरपे. डबी घेऊन ती तडक आत्यासमोर जाऊन उभी राहिली.

आत्या भाजी निवडत होती. तिने आधी कानांवर हात ठेवले, मग सगळं सांगून टाकलं. गोळी घेतली की पुन्हापुन्हा जावं लागतं, आणि बस तर शेवटच्या स्टॉपशिवाय जास्त वेळ थांबत नाही. तिथेही बायकांची सोय नाही. एकदा भर गर्दीत तिला जीव नकोसा झाला होता. तेव्हापासून ती गोळी गालात धरायची आणि कंपाउंडरची पाठ वळली की थुंकायची, आधी बेसिनमध्ये, मग डबीत.

"मग बेसिनमध्येच टाकत राहायचं होतंस," कंपाउंडर रडवेली होऊन म्हणाली. "डबीत कशाला ठेवल्यास? मला कधी कळलंच नसतं."

"तूच वाचत होतीस ना, औषधं गटारातून नदीत जातात, माशांना बाधतात म्हणून?" आत्या म्हणाली. "तुझ्या अभ्यासातलं मला काय कळतंय? तुझा आवाज ऐकायला बरं वाटतं म्हणून बसते. हे एक कळलं, तर म्हटलं तेवढं तरी पाळावं. म्हणून डबी गुपचूप तुझ्या पिशवीत सारली."

कंपाउंडरला हसावं की रडावं कळेना, म्हणून तिने दोन्ही केलं. ती गोळी कशी काम करते हे तिला तोंडपाठ होतं. ती घेऊन तासनतास बसमध्ये कसं उभं राहायचं, हे विचारायचं मात्र सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दोघींनी डॉक्टरांना खरं ते सांगितलं आणि भरपूर बोलणी खाल्ली. डॉक्टरांनी गोळी दुपारी, ड्यूटीवरून घरी आल्यावर घ्यायला सांगितली. आता आत्या गोळी गिळली की आ वासून दाखवते, जीभ वर करूनसुद्धा, आणि कंपाउंडर खरोखर वाकून बघते.

परवा ड्यूटीवर निघताना आत्याने बुटाच्या नाड्या बांधल्या, चांगल्या घट्ट. कंपाउंडर बघत राहिली. संध्याकाळी तिने पुढच्या वर्षाचं पुस्तक कुणाकडून तरी मागून आणलं, हृदयाच्या औषधांचा धडा उघडला आणि येरझारा घालत मोठ्याने वाचू लागली. आत्या भाजी बाजूला सारून ऐकत बसली. यातलंही एखादं वाक्य ती पाळेल, याची कंपाउंडरला खात्री होती.